चार सोप्या पानांची प्रस्तावना

२ जानेवारी, सकाळी ६.२०
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असलेली बरी. नंतर लोक शोधत बसतात.

काम असं. काल उस्तादांकडे गेलो होतो. वय सत्त्याऐंशी, एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या बेतात. चाळीस वर्षं मशिदीशेजारच्या खोलीत कुराणाचा अर्थ सांगत आले. मी पुढच्या रांगेत असायचो (डुलक्या धरून). त्यांची सगळी तफसीर, म्हणजे अर्थविवरण, उर्दूत आहे, सात जाड वह्यांत. काल शेवटची वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "आताची मुलं उर्दू वाचत नाहीत. अरबी नुसती म्हणतात. वाचतात ती इंग्रजी. यातला एक छोटा अध्याय, एक सूरह घ्या. अद्-दुहा, सकाळच्या उजेडाची. अकरा आयती आहेत. त्यावर मी जे लिहिलंय ते इंग्रजीत करून द्या. चार पानं. सोपी."

चार पानं हा त्यांचा विनय. पाणीपुरवठा खात्यातला एकतीस वर्षांचा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्या हातचा. हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो, पण कॉमा कुठं द्यायचा ते साहेब लोक मला विचारून द्यायचे. अशा माणसाला चार पानांचं काम कोण सांगेल? उस्तादांना काय म्हणायचं होतं ते मला बरोबर कळलं. सातही वह्या.

रोज दोन पानं. दीड वर्षात संपूर्ण. आजचा इंग्रजी वाचक ज्याची वाट बघतोय ते पुस्तक.

ही म्हणाली, "आधी ती चार पानं करा." हिला कामाचा आवाका कळत नाही.

३ जानेवारी, रविवार
चिरंजीवांचा फोन. चौदा वर्षं झाली परदेशी जाऊन, पण रविवार चुकवत नाही. हिच्याशी अर्धा तास बोलतो, मग मला फोन मिळतो. तब्येत, हवा, ब्लडप्रेशर. आज मी प्रोजेक्टचं सांगितलं. म्हणाला, "नाइस." त्याच्या एका शब्दात बरंच काही असतं. आमचं पहिल्यापासून असंच. जास्त बोलावं लागत नाही.

६ जानेवारी
जेवणाचं टेबल खिडकीखाली घेतलं. उजेड डावीकडून हवा. टेबल तिथं बसेना म्हणून कपाट हलवलं. कपाट हलवल्यावर कंबर धरली. दोन दिवस सक्तीची विश्रांती. पडल्या पडल्या शीर्षक सुचलं: ‘अ कॉम्प्रिहेन्सिव्ह यट कन्साइज एल्युसिडेशन फॉर द कन्व्हीनियन्स ऑफ द मॉडर्न रीडर, व्हॉल्यूम वन.’ कन्साइज हा शब्द मुद्दाम घातला. वाचक घाबरायला नको.

ही सध्या पलंगावर बसून भाजी चिरते.

१५ जानेवारी, सकाळी ९
महत्त्वाचा निर्णय. प्रस्तावना हवी. आजच्या वाचकाला एकदम पाण्यात ढकलून चालणार नाही, पायऱ्या पाहिजेत. प्रस्तावना दहा पानांची. तेवढी झाली की पुढचं काम उतारावरचं.

८ फेब्रुवारी
प्रस्तावना: पान १९. अजून ‘प्रस्तावनेची आवश्यकता’ हा भाग चालू आहे. ही म्हणाली, "नमनालाच घडाभर तेल." मी सांगितलं, हे नमन नाही, पाया आहे. म्हणाली, "पाया चार पानांच्या मानानं घाला."

२० फेब्रुवारी, संध्याकाळी
उस्तादांकडे. त्यांची सून चहा ठेवून गेली. उस्तादांनी विचारलं, "झाली का चार पानं?" मी म्हणालो, पाया चालू आहे. "कुठल्या इमारतीचा?" म्हणाले. गमतीशीर माणूस.

मग विचारलं, "मुलाला पाठवलीत का?" मी म्हणालो, संपूर्ण संच तयार झाला की पहिली प्रत त्यालाच. तर म्हणाले, "त्यानं तेव्हा काहीतरी विचारलं होतं ना. उत्तर तेव्हाच द्यायला पाहिजे होतं. मी यायला उशीर केला."

उस्तादांची स्मरणशक्ती घसरत चालली आहे. मला असलं काही आठवत नाही.

३ मार्च
टायपिंगची सोय झाली. दवाखान्यामागे एका बाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. एक मशीन, एक कॉम्प्युटर, एक स्टूल. बाई चाळिशीच्या. इंग्रजी मीडियमच्या. नवरा दोन वर्षांपूर्वी कामावर म्हणून गेला तो परत आलाच नाही, असं शेजारचा केमिस्ट सांगत होता. भांडण नाही, चिठ्ठी नाही, फोन नाही. मी यात पडत नाही. स्पीड चांगला आहे.

४ मार्च
कॉम्प्युटर माझ्या शब्दांखाली तांबड्या रेघा मारतो. ‘हियरइनबिफोर’, ‘व्हाइड’, ‘इन्टर एलिया’. बाई म्हणाल्या, त्याला हे शब्द माहीत नसतील. मी म्हणालो, शिकवा त्याला.

कॉम्प्युटरमध्ये अशी एक सोय आहे की मजकूर समजायला वाचकाचं किती वर्षांचं शिक्षण लागेल ते तो सांगतो. बाईंनी माझी दोन पानं घालून बघितली. सव्वीस वर्षं आली. त्यांनी तो आकडा लगेच बंद केला. मीही विनयानं विषय वाढवला नाही.

१७ मार्च
बाईंनी विचारलं, "काका, तुम्ही पाणीपुरवठ्यात होतात ना? दहाएक वर्षांपूर्वी तीन दिवस पाणी बंद होतं, त्याची नोटीस तुम्ही काढली होती का?" मी हो म्हणालो. ती नोटीस माझ्या उत्तम मसुद्यांपैकी एक. एकच वाक्य, चौदा ओळी, एकही फुलस्टॉप नाही. बाई म्हणाल्या, "आमच्या गल्लीत कुणी पाणी भरून ठेवलं नव्हतं. ती वाचून आम्हाला वाटलं, पाणी जास्त येणार आहे."

वाचकाची तयारी कमी पडते ती अशी. म्हणूनच प्रस्तावना.

११ एप्रिल, रविवार
प्रस्तावना, पान ४१. बाईंकडून चिरंजीवांना ई-मेल करवली. संध्याकाळी त्याचं उत्तर मोबाइलवर: अंगठा. एका रविवारात एक्केचाळीस पानं वाचून झाली. भराभर वाचतो, माझ्यावर गेलाय.

हिला दाखवलं. म्हणाली, "आपल्याकडे अंगठा दाखवणं कशाला म्हणतात ते आठवतंय ना?"

२ मे, सकाळी ७
आज खुद्द सूरहला हात घातला, फक्त उदाहरणादाखल, प्रस्तावनेत घेण्यासाठी. प्रसंग असा. काही दिवस अल्लाहकडून संदेश येणं थांबलं होतं. पैगंबर अस्वस्थ झाले. विरोधक हिणवायला लागले की तुझ्या पालनकर्त्यानं तुला टाकलं. तेव्हा ही सूरह आली. सकाळच्या उजेडाची शपथ, शांत झालेल्या रात्रीची शपथ, तुझ्या पालनकर्त्यानं तुला सोडलेलं नाही, तो तुझ्यावर रुष्टही नाही.

संदेश किती दिवस थांबला होता यावर जुन्या विवरणकारांची मतं वेगवेगळी. कुणी बारा म्हणतं, कुणी पंधरा, कुणी चाळीस. मी तक्ता केला, तळटिपांसह. उस्तादांनी त्यांच्या वहीत यावर एकच ओळ लिहिली आहे: ‘वाट बघणाऱ्याला दिवस मोजून विचारू नये.’ ही ओळ तक्त्यात बसत नव्हती म्हणून गाळली.

३ मे
उस्तादांचं आणखी एक वाक्य: ‘रात्र पडली म्हणून सूर्य रागावला असं कुणी म्हणत नाही.’ याचं इंग्रजी साडेसहा ओळींचं झालं. ‘सोलर बॉडी’ आणि ‘नॉक्टर्नल कंडिशन्स’ हे दोन्ही शब्द साधले. समाधान. दुपारी झोपलो.

२३ मे, रविवार
चिरंजीवांचा फोन. माझ्याशी बोलायच्या आधी लाइन गेली.

९ जून
थोडं मोकळेपणानं लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार आहे? उस्ताद म्हणाले ते आठवलं. आठवत होतंच.

आमची धाकटी नऊ वर्षांची होती. ताप. चार दिवस. पाचव्या दिवशी नाही. आठवडाभरानं आम्ही तिघं पहिल्यांदा एकत्र जेवायला बसलो, तेव्हा चिरंजीव, वय सोळा, ताटाकडे बघत म्हणाला, "अब्बा, आपण चार दिवस एवढं मागत होतो. तिकडून कुणी काही बोललं का नाही?" मी त्याला ताटावरून उठवलं. म्हणालो, असले प्रश्न या घरात विचारायचे नाहीत.

प्रश्न चुकीचा नव्हता, वेळ चुकीची होती. पानात वाढलेलं होतं. शिवाय मी त्या दिवशी ऑफिसात पहिल्यांदाच गेलो होतो, मागचं सगळं पेंडिंग होतं. उस्ताद भेटायला आले ते पंधरा दिवसांनी. तोवर तो खोलीचं दार लावून घ्यायला लागला होता.

हे प्रस्तावनेशी संबंधित नाही. नोंद एवढ्यासाठी की दिवसभरात काम झालं नाही.

२२ जून
आज टायपिंगला व्यत्यय. बाई संदेश थांबल्याच्या परिच्छेदाशी अडल्या. हात थांबवून विचारलं, "काका, इथं हे गप्प राहिले ते रागावून की नुसतेच? तुमच्या इंग्रजीतून कळत नाही मला." मी सांगितलं, तुमचं काम टायपिंग. वाचायला लागलात तर स्पीड पडेल. त्या "बरं" म्हणाल्या. मग सगळा वेळ खाली मान घालून टायपिंग. स्पीड पडलाच.

घरी येऊन दहावी आयत घेतली: मागणाऱ्याला झिडकारू नकोस. उस्ताद लिहितात, ‘मागणारा म्हणजे भाकरी मागणाराच असं नाही. प्रश्न विचारणाराही मागणाराच असतो.’ याचं इंग्रजी फार छान उतरलं. दुकानात वेळ गेला नसता तर अकरावीही झाली असती.

१० जुलै
प्रस्तावना पूर्ण. पानं ५८. बाइंडिंग केलं. वर निळं प्लास्टिक.

ही म्हणाली, "आता चार पानं." मी म्हणालो, आता तर कुठं काम संपत आलंय.

१२ जुलै, दुपारी ४
उस्तादांना प्रस्तावना वाचून दाखवायला गेलो. आता दुसरा डोळाही गेला. खाटेवर उशीला टेकवून बसवलं होतं. मी अकरा पानं वाचली. न थांबता, स्पष्ट उच्चारांत. सून दारात उभी राहून ऐकत होती, मग तिला आतलं काही आठवलं.

उस्ताद म्हणाले, "मला इंग्रजी येत नाही, साहेब. पण सोपं आहे की नाही ते कळतं. सोपं असलं की सांगणारा मधे श्वास घेतो. तुम्ही घेतला नाहीत."

माझ्या दम्याची त्यांना एवढी काळजी. उद्यापासून प्राणायाम.

निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. म्हणाले, "चार पानं द्या हो. एका माणसासाठी आहेत समजा." मी विचारलं, कुणासाठी? म्हणाले, "तुम्हाला माहीत असलेल्या." मी म्हणालो, आपला वाचकवर्ग फार मोठा आहे. एका माणसाचा विचार करून चालत नाही.

१९ जुलै
प्राणायाम सोडला. चक्कर येते.

५ ऑगस्ट
उस्ताद गेले. सकाळी, अंघोळ घातल्यावर. त्रास झाला नाही म्हणे.

६ ऑगस्ट, संध्याकाळी
काल माती दिली. गर्दी होती. चाळीस वर्षांत शिकवलेली माणसं, त्यांची मुलं, मुलांची मुलं. नंतर त्यांच्या घरी तीन-चार जण माझ्याकडे आले. एकीनं विचारलं, "उस्ताद म्हणायचे, हेडक्लार्क इंग्रजीत करताहेत. मिळेल का वाचायला?" त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी सांगितलं, प्रस्तावना तयार आहे. तिनं विचारलं, "आणि पुढचं?" मी म्हणालो, ते त्यानंतर येतं.

उस्तादांच्या सुनेनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, शेवटचे दोन दिवस सारखं विचारत होते, पानं आली का. "मी आली म्हणून सांगितलं, काका. खोटं बोलले. मग विचारलं, सोपी आहेत का? त्यालाही हो म्हणाले." मी तिला सांगितलं की ते अगदीच खोटं नव्हतं. अठ्ठावन्न पानं आली होती.



८ ऑगस्ट, रविवार
चिरंजीवांचा फोन. हिनं उस्ताद गेल्याचं सांगितलं. फोन माझ्याकडे आला तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मला वाटलं लाइन गेली. हॅलो हॅलो करून ठेवून दिला.

ही म्हणाली, "लाइन होती."

१ सप्टेंबर, सकाळी ६
निश्चय. चार पानं. फक्त चार. एका बैठकीत होतील. जिथं अठ्ठावन्न लिहिली तिथं चारांची काय कथा.

१ सप्टेंबर, दुपारी १
एक वाक्य झालं. ‘गॉड डिड नॉट लीव्ह यू.’ पाच शब्द. बघत बसलो. हे कुणीही लिहील. खाली ‘प्रोव्हायडेड दॅट’ घालून पुढं न्यायचा प्रयत्न केला. नेलं. परत आणलं.

९ सप्टेंबर
अजून एकच वाक्य. टेबलाची जागा बदलून बघितली. उजेड उजवीकडून.

१४ सप्टेंबर
हिनं आज जेवताना सहज विचारलं, "इंग्रजी अडलंय की दुसरं काही?" मी म्हणालो, इंग्रजी मला एकतीस वर्षांत कधी अडलेलं नाही. म्हणाली, "मग दुसरंच."

२० सप्टेंबर
बाईंच्या दुकानात गेलो. वहीतलं मी मराठीत सांगतो, तुम्ही तसंच टाइप करत जा म्हणालो. इंग्रजी मी नंतर घालीन. बाईंनी मराठी की-बोर्ड नाही म्हणून सरळ इंग्रजीतच टाइप केलं. मी सांगितलं की रात्र पडली म्हणून सूर्य रागावला असं कुणी म्हणत नाही. त्यांनी टाइप केलं आणि वाचून दाखवलं. दीड ओळ. मी म्हणालो, राहू दे तात्पुरतं.

तक्ता घेतला नाही. त्याऐवजी ‘वाट बघणाऱ्याला दिवस मोजून विचारू नये’ ही गाळलेली ओळ सांगितली. बाईंनी ती टाइप केली आणि जरा वेळ मशीनच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. कागद अडकला असावा.

२३ सप्टेंबर
तीन दुपारी लागल्या. चार पानं पूर्ण. बाईंनी टायपिंगचं काम चोख केलं. इंग्रजीला शेवटचा हात मी फिरवला: पान दोनवर एक कॉमा. त्यांनी विचारलं, "एक प्रत मी ठेवू का?" मी परवानगी दिली. त्यांनी प्रिंट काढली, घडी केली आणि पर्समध्ये टाकली. ज्या अर्थी ठेवली त्या अर्थी माझी शैली पोचली.

कॉम्प्युटरनं सांगितलं, वाचायला सहा वर्षांचं शिक्षण पुरे. हे मी कुठं सांगणार नाही.

२५ सप्टेंबर
उस्तादांच्या सुनेला चार पानं नेऊन दिली. तिनं दारातच उभ्या उभ्या वाचली. म्हणाली, "हे तर अब्बाजींसारखं बोलतंय." मग खाटेकडे बघितलं. खाट आता भिंतीला उभी करून ठेवली आहे. मी बसलो नाही.

१० ऑक्टोबर, रविवार
चिरंजीवांना पाठवलं. पानं चार, सोबत प्रस्तावना, सुधारित, पानं ६३. नुसती चार पाठवली तर त्याला वाटेल, बापानं वर्षभर काय केलं.

अंगठा आला नाही. बिझी असणार.

२० ऑक्टोबर, बुधवार, संध्याकाळी ७.४०
बुधवारी फोन. हिला वाटलं काही वाईट बातमी. तो म्हणाला, "अब्बांकडे दे."

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

म्हणाला, "चार पानं वाचली. तीन वेळा." मी थँक यू म्हणालो. म्हणाला, "उस्तादांचा आवाज ऐकू आला." मी म्हणालो, अनुवादात तेच अवघड असतं. मग म्हणाला, "यात लिहिलंय की तो सोडून गेला नव्हता, नुसता गप्प होता. अब्बा, ती गेली तेव्हा तुम्हाला तसं वाटलं होतं? खरंच वाटलं होतं?"

तेवीस वर्षांत त्यानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. तब्येतीचे सोडून.

मी म्हणालो, प्रस्तावना बघ. पान सत्तेचाळीस. सविस्तर घेतलंय.

तो "बरं" म्हणाला. मग म्हणाला, "अम्मीला दे."

ही त्याच्याशी पाऊण तास बोलली, आतल्या खोलीत जाऊन. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं, काय म्हणत होता? म्हणाली, "त्यानं जे तुम्हाला विचारलं तेच मला विचारलं." मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? म्हणाली, "खरं ते."

२१ ऑक्टोबर, सकाळी ५.५०
पान सत्तेचाळीस उघडून बघितलं. तिथं तक्ता आहे.

२४ ऑक्टोबर, रविवार
फोन आला. हिच्याशी बोलला. मला द्यायच्या आधी त्याला ऑफिसचा फोन आला म्हणे.

२७ ऑक्टोबर
उत्तर तयार करतोय. पहिला मसुदा दीड पान. ‘विथ रेफरन्स टु युवर क्वेरी’ असा सुरू होतो. फाडला. दुसरा पाऊण पान. तिसऱ्यात धाकटीचं नाव लिहिलं आणि पुढं लिहिता येईना. ते नाव या हातानं शेवटचं शाळा सोडल्याच्या अर्जावर लिहिलं होतं, इंग्रजीत, ‘लेट’ हा शब्द जोडून. त्या दिवशी शाळेतल्या क्लार्कनं मसुद्याची तारीफ केली होती.

दुपारी बाईंच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसलो. काम काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "काका, आज पानं नाहीत?" मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, रागावून की नुसतेच गप्प. तुम्हाला कळलं का पुढं? बाई म्हणाल्या, "नाही. पण विचारलं तरी चालतं, हे कळलं."

मला त्यांची माफी मागायची होती. दोन गिऱ्हाइकं आली. आधार कार्डाच्या प्रती.

३० ऑक्टोबर
मसुदा अकरावा, अंतिम. एका चिठ्ठीवर. ‘नाही. मलाही तसं वाटलं नव्हतं. आपल्याला टाकून दिलं असंच वाटत होतं. तुला उठवायला नको होतं.’

इंग्रजी करायला घेतलं आणि मधेच लक्षात आलं की त्याला मराठी येतं.

३१ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळी
पाच वाजल्यापासून फोनशेजारच्या खुर्चीत बसलो होतो. चिठ्ठी हातात. बघून वाचायचं नाही असं ठरवलं होतं, वाचलं की पत्रासारखं वाटतं. म्हणून डोळे मिटून पाठ करत होतो. चार वाक्यं. मधे श्वास घ्यायच्या जागांसकट.

फोन वाजला. हिनं उचलला. इकडचं तिकडचं झालं. मी तिसऱ्या वाक्यावर होतो. ते नीट बसत नव्हतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

डोळे उघडले तर ही फोन ठेवत होती.

म्हणाली, "त्यानं विचारलं, अब्बा झोपलेत का. मी बघितलं, तुमचा डोळा लागला होता. हो म्हणाले. म्हणाला, मग राहू दे, उठवू नको."

मी जागा होतो.